मिदोरीचा दरवाजा

उम्म अल कुवैन
१२ ऑक्टोबर १९९१

ती. सूर्यकांतमामा,

नमस्कार. तुमच्या भाच्याला प्रमोशन मिळालं! कालपासून मी वर्कशॉप इन्चार्ज.

झालं असं की आमचे अरबाब, म्हणजे मालक हमद साहेब, यांनी जपानमधल्या लिलावात बारा जुन्या सिटी बस एकदम उचलल्या. सगळ्या एकाच मॉडेलच्या. मॉडेलचं नाव 'मिदोरी', साल सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर. जपानात गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, इकडे उजव्या. म्हणून स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे न्यायचं. मोटारींचं हे काम इथे बरेच जण करतात. बसचं करणारा मी पहिला, असं अरबाब म्हणतात. ते कुणाचं सहसा कौतुक करत नाहीत.

मामा, आठ दिवसांत पहिली गाडी तयार केली. रफिक नावाचा पेशावरचा वेल्डर आहे हाताखाली, एकदम टॉप माणूस. स्टिअरिंग, ब्रेक, डॅशबोर्ड, सगळं डावीकडे आणलं. मंगळवारी ट्रॅफिक खात्याचं इन्स्पेक्शन. ती नुसती फॉर्मॅलिटी. मग गाडी कामगारांची ने-आण करायला लागेल, इन्शाल्ला.

सुनेत्रा मजेत. मुग्धा आता चार वर्षांची झाली, मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्लिशमध्ये देते. तुम्ही बत्तीस वर्षं बसच्या बॉडी शॉपमध्ये काढलीत, म्हणून गाडीचा फोटो मुद्दाम पाठवतोय. बघून सांगा कशी वाटते.

तुमचा,
प्रल्हाद


दापोडी, पुणे
२६ ऑक्टोबर १९९१

चि. प्रल्हाद,

पत्र आणि फोटो मिळाले. बढतीबद्दल अभिनंदन.

फोटो भिंगाखाली धरून पाहिला. काम स्वच्छ दिसतं. एकच शंका आली. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने जाणार, म्हणजे फूटपाथ उजवीकडे येणार. पुढच्या दरवाज्याच्या जागी तू ड्रायव्हर बसवलास. मधला दरवाजा उरला, तो डावीकडे. माणसं भर रस्त्यातून चढणार का?

तू हे पाहिलंच असशील आणि फोटो आधीचा असेल. तसं असेल तर हे पत्र फाडून टाक.

मामा


उम्म अल कुवैन
१७ नोव्हेंबर १९९१

ती. मामा,

तुमचं पत्र इन्स्पेक्शननंतर मिळालं. टपाल खात्याबद्दल मी आता काही बोलत नाही.

ऑफिसर आले, फाइल काखेत. स्टिअरिंग हलवून पाहिलं, ब्रेक दाबून पाहिला, खूश झाले. मग म्हणाले, आत चढून बघू. बसच्या उजव्या अंगाला गेले. पुढून मागे गेले. मागून पुढे आले. मला वाटलं टायर बघतायत. मग माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "हबीबी, दरवाजा?"

मी म्हटलं, "त्या बाजूला, सर."

"ती बाजू रस्त्याची आहे."

"येस सर."

"म्हणजे माणसं रस्त्यातून येणार?"

अरबाब माझ्याकडे बघायला लागले. मी रफिककडे बघितलं. तर तो खालच्या आवाजात म्हणतो, "साहब, मैंने सोचा आपने सोचा होगा."

अरबाबांनी मार्चअखेरपर्यंत मुदत दिली आहे. बाराही गाड्यांना उजवीकडे दरवाजे काढायचे, नाहीतर खलास. दरवाजा काय, पत्रा कापायचा आणि बिजागऱ्या लावायच्या, बरोबर ना? तरी एकदा तुमच्या कानावर घालतो.

प्रल्हाद


दापोडी
२८ नोव्हेंबर १९९१

चि. प्रल्हाद,

पत्रा कापू नकोस. आधी हे वाच.

फोटोत गाडीच्या एका अंगावर मला सहाशेच्या वर रिव्हेट दिसले, पुढे मोजायचा कंटाळा केला. इतके रिव्हेट ज्या बॉडीला असतात तिचा पत्रा नुसता पांघरुणासारखा नसतो. तोच भार घेतो. त्याला भोक पाडणं म्हणजे भिंतीखालचे दगड काढून घेणं.

क्रम असा. आधी डावीकडचं जुनं दार पत्र्याने आणि रिव्हेटने कायमचं बंद कर. मग उजवीकडे, जिथे दार हवं तिथे, आतून लोखंडी चॅनेलची चौकट बसव. गाडीखाली टेकू लाव. मग काप. दोन्ही बाजू एकाच वेळी उघड्या राहता कामा नयेत.

ड्रॉइंग सोबत आहे. शेजारच्या लिमयांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढलंय, कारण पत्रिकेचा कागद जाड असतो. मापं इंचात आहेत. पुढच्या बाजूला मुहूर्त आहे, त्याकडे लक्ष देऊ नकोस.

मामा


उम्म अल कुवैन
९ जानेवारी १९९२

ती. मामा,

ड्रॉइंग मिळालं, फारच छान. काम जोरात चालू आहे. इकडे थंडी म्हणावी तशी नाही.

सहज, जनरल नॉलेज म्हणून एक विचारतो. समजा, एखाद्या बसला घाईघाईत दोन्ही बाजूंनी एकदम भोकं पडली. आणि चार दिवसांनी तिचं छप्पर मधोमध जरासं, म्हणजे चार बोटं, खाली आलेलं दिसलं. तर थिअरीत ते कशामुळे होतं? आणि समजा खिडक्याही उघडेनाशा झाल्या, तर? मालक रोज येऊन त्या बसकडे मान वाकडी करून बघत असतील, तर त्यांना काय सांगायचं असतं?

घाई मुळीच नाही. परतीच्या टपालाने लिहिलंत तरी चालेल.

प्रल्हाद


दापोडी
१८ जानेवारी १९९२

चि. प्रल्हाद,

थिअरीतल्या त्या बसच्या पोटाखाली थिअरीतले चार जॅक लाव. दिवसाला अर्धं बोट उचल, जास्त नाही. आठ दिवसांनी खिडक्या उघडतील. उघडल्या की त्याच दिवशी जुनं दार बंद कर आणि चौकट बसव.

मालकांना खरं सांगायचं असतं.

उरलेल्या अकरा गाड्यांना हात लावण्याआधी लग्नपत्रिका वर्कशॉपच्या भिंतीवर टांग. रफिकला दिसेल अशी टांग. तुझ्या खिशात ठेवू नकोस.

मामा


पोस्टकार्ड, २ एप्रिल १९९२

मामा, थिअरी बरोबर निघाली. बाराही गाड्या पास. रफिकने तुम्हाला सलाम सांगितलाय. पत्रिकेवरची वधू कोण, असं अरबाब विचारत होते. सविस्तर नंतर. प्रल्हाद


उम्म अल कुवैन
९ सप्टेंबर १९९६

ती. मामा,

तुम्ही दर पत्रात विचारता ना, तुझी मिदोरी पुढे बदलली का? बदलली! जपान्यांनी चौऱ्याऐंशी साली तिची नवी मालिका काढली होती, त्यातल्या आठ गाड्या आता आमच्याकडे आल्यात.

मामा, रिव्हेट गायब. अंग कसं गुळगुळीत, कपाटासारखं. पत्रा उचकटून पाहिला तर आत चौकोनी पाइपांचा सांगाडा. तुम्ही कायम म्हणायचात की हाडं वेगळी आणि कातडं वेगळं हवं, अगदी तसंच केलंय त्यांनी. पुढच्या दारात एक छोटी काच आहे, अगदी खाली. मी विचार करत होतो कशाला, तर गाडीला लगटून उभं राहिलेलं लहान मूल दिसावं म्हणून. तुमच्या जुन्याच ड्रॉइंगवरून, मापं बदलून, एकेक दरवाजा तीन दिवसांत तयार झाला.

आठही गाड्या शाळेला लागल्या. फक्त एक घोळ आहे. बेल दाबली की एका जपानी बाईचा आवाज येतो, "त्सुगी, तोमारिमास." पुढे थांबणार, असा अर्थ आहे म्हणे. तो आवाज बंद करायची वायर अजून सापडलेली नाही. पोरं दिवसभर बेल दाबतात. मुग्धाला सुनेत्रा म्हणाली, "आवर लवकर, उशीर झाला," तर ही टोस्ट खाताखाता म्हणते, "तोमारिमास, मम्मा." अख्ख्या चौथीची तीच तऱ्हा आहे.

आता एक छोटीशी गोष्ट. नव्या नियमाने ड्रॉइंगवर इंजिनिअरचं नाव लागतं. मी तुमचं दिलंय: एस. व्ही. आंबेकर, कन्सल्टिंग इंजिनिअर, पुणे. अरबाबांना इतका आनंद झाला की त्यांनी लेटरहेडच छापून घेतलं. पन्नास कागद पाठवतोय. प्रत्येकावर खाली सही करून परत पाठवा. इंग्लिश बाजू ठीक आहे. अरबी बाजूला अरबाबांनी आपणहून 'डॉक्टर' लावलंय, त्याकडे दुर्लक्ष करा.

प्रल्हाद


दापोडी
२१ सप्टेंबर १९९६

प्रल्हाद,

एकोणपन्नास कागद परत पाठवतोय, कोरे. पन्नासाव्यावर हे पत्र लिहिलंय.

मी सातवी पास. हेल्पर म्हणून लागलो, फोरमन म्हणून निवृत्त झालो. किती इंजिनिअर आले, माझ्या हाताखाली शिकले आणि माझे साहेब झाले. त्यांच्या जागी मी एकदाही सही केली नाही, कारण सही म्हणजे उद्या काही झालं तर उभं राहायचं. मी उभा राहीन, पण फोरमन म्हणून. खोट्या नावाने नाही. आणि तीही पोरांच्या शाळेच्या गाडीवर? त्यात तुझी स्वतःची मुलगी बसते.

यापुढे ड्रॉइंग मागू नकोस.

सूर्यकांत आंबेकर


उम्म अल कुवैन
१४ मार्च १९९८

ती. मामांना सुनेत्राचा नमस्कार.

हे पत्र प्रल्हादला न सांगता लिहितेय. दीड वर्षात तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नाहीत. तुम्ही कामात आहात, असं तो मला सांगतो. पासष्टीच्या निवृत्त माणसाला एवढं काय काम असतं, ते मी त्याला विचारत नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच अरबाबांकडे गेला आणि सगळं सांगितलं: मामा इंजिनिअर नाहीत, मी खोटं नाव घातलं, गाड्या थांबवा. अरबाबांनी आधी चहा संपवला. मग आठही बस थांबवल्या आणि प्रल्हादला इन्चार्जवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. मामा, तुमचा भाचा वर्षाहून अधिक काळ नटबोल्ट देत-घेत होता. घरी येऊन म्हणायचा, "आज लोड फार होता."

शाळेच्या बसचं काय झालं, तेही सांगते. शारजाहून लायसन्सवाले इंजिनिअर आले. तीन दिवस एकेक दरवाजा ठोकून, मापून पाहिला. त्यांना एकही चूक मिळाली नाही. त्यांनी स्वतःची सही केली आणि विचारलं, मूळ ड्रॉइंग कुणाचं? प्रल्हाद म्हणाला, "माझ्या मामांचं. ते फोरमन होते." त्यांनी भिंतीवरच्या लग्नपत्रिकेचीसुद्धा झेरॉक्स मागून नेली.

गेल्या महिन्यात तो परत इन्चार्ज झाला. त्याला कारण रफिक. नवीन माणसाबरोबर काम करायला तो तयारच होईना. अरबाबांना म्हणाला, "जो आदमी छेनी को पेचकस बोलता है, उसके नीचे मैं नहीं."

दर शुक्रवारी प्रल्हाद तुम्हाला पत्र लिहायला बसतो आणि थोड्या वेळाने उठून गाडी धुवायला जातो. परवा ड्रॉवर आवरताना मला चौदा कागद सापडले. प्रत्येकावर फक्त 'ती. मामा'. मुग्धा म्हणते, "डॅड, जस्ट कॉल हिम." पण तो तुमच्यावर गेलाय.

सुनेत्रा


दापोडी
२५ मार्च १९९८

चि. सौ. सुनेत्रा,

ते चौदा कागद पाठवून दे. पुढचं मी समजून घेईन.

आणि प्रल्हादला विचार, नव्या मालिकेच्या गाडीत दरवाजा आणि मागचं चाक यांत अंतर किती ठेवलं? दीड वर्ष हेच डोक्यात आहे. विचारायचं कुणाला?

मामा


उम्म अल कुवैन
३ फेब्रुवारी २००३

ती. मामा,

इतकी वर्षं मी तुम्हाला 'या' म्हणतोय आणि तुम्ही 'बघू' म्हणताय. आता मात्र यावंच लागेल. मिदोरीची तिसरी मालिका आली आहे.

एकच गाडी आहे. सत्त्याण्णवची, मागून ठोकलेली, म्हणून अरबाबांना मिळाली. मामा, तिला पायरीच नाही. दारातून आत जायचं ते सरळ, दिवाणखान्यात गेल्यासारखं. आणि बटण दाबलं की हवा सोडून ती दाराच्या बाजूला खाली वाकते. पहिल्यांदा वाकली तेव्हा रफिक कलमा म्हणत बाहेर पळाला. अरबाब तर वेडेच झालेत. "जमल! जमल!" म्हणतात. म्हणजे उंट. उंट बसतो तशी बसते. रोज पाच-सहा वेळा येऊन तिला बसवतात आणि उठवतात.

पण दरवाजा डावीकडे. उजवीकडे कापावं, तर गाडीची जमीन इतकी खाली आहे की डिझेलची टाकी, हवेच्या टाक्या, वायरिंग, सगळं त्या बाजूच्या भिंतीत कोंबलंय. स्टिअरिंगही कॉम्प्युटरला जोडलेलं. मी तीन ड्रॉइंगं काढली आणि तिन्ही फाडली.

अरबाब म्हणाले, "तुझ्या फोरमनला बोलाव." बघा, फोरमनच म्हणाले. पासपोर्ट काढा, मग व्हिसा आणि तिकीट पाठवतो.

प्रल्हाद


दापोडी
१४ फेब्रुवारी २००३

चि. प्रल्हाद,

पासपोर्टला अर्ज केला. फोटोत मी पोलिसांना हवा असल्यासारखा दिसतो. टेप माझी मी आणीन.

मी येईपर्यंत काही कापू नका.

मामा


उम्म अल कुवैन
३० मे २००३

ती. मामा,

सुखरूप पोचलात हे मुग्धाने फोन करून सांगितलं, पण तुम्ही फोनवर 'बरं, ठेवतो' याशिवाय काही बोलत नाही, म्हणून हे पत्र.

वर्कशॉप सुनंसुनं झालंय. तुम्ही टेप घेऊन त्या गाडीभोवती दोन दिवस फिरलात, मग सावलीत खुर्ची टाकून बसलात आणि म्हणालात, "हिला कापायचं नाही." तेव्हाचा अरबाबांचा चेहरा मी विसरणार नाही. मला वाटलं, परत स्टोअर. आणि मग तुमच्या त्या दापोडीच्या हिंदीत तुम्ही त्यांना विचारलंत, "साहब, आपके पास ऐसा कोई रस्ता है क्या, जो आपका खुद का है? गाडी को मत बदलो, रस्ते को उलटा करो."

मी दहा-बारा वर्षं या धंद्यात आहे, मामा. मला हे सुचलं नाही.

अरबाबांच्या बहिणीचं अपंगांचं केंद्र तुम्ही पाहिलंतच. चहूबाजूंनी भिंत, आत गोल रस्ता: गेट, दवाखाना, व्यायामाचा हॉल, खोल्या, परत गेट. आता त्या आवारात सगळी वाहतूक डाव्या बाजूने चालते. बाण आम्हीच रंगवले. तुम्ही गेल्यावर आठवडाभर मात्र मजा होती. रोज कुणीतरी सवयीने उजवीकडून यायचं आणि बससमोर थांबायचं. दोनदा खुद्द अरबाब आले. बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला, तर खाली उतरून त्यांनी त्यालाच बाण दाखवला. मग स्वतः नीट बघितला. मग निमूटपणे रिव्हर्स गेले.

एक विचारायचं राहिलं. बस सुरू झाली त्या दिवशी तुम्ही सकाळी आत बसलात ते दुपारच्या नमाजापर्यंत उतरलाच नाहीत. नऊ फेऱ्या. आम्ही हाका मारल्या, तुम्ही हातानेच 'थांबा' म्हणालात. सुनेत्राला वाटलं ऊन लागलं. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलंय आणि तुम्ही ते शोधताय. संध्याकाळीही तुम्ही काही बोलला नाहीत. काय झालं होतं?

प्रल्हाद


दापोडी
११ जून २००३

चि. प्रल्हाद,

ऊन लागलं नव्हतं. तुझंही काही चुकलं नव्हतं. समोरासमोर बोलता आलं नसतं म्हणून लिहितो.

मी बॉडी शॉपला नवीन होतो तेव्हा माझ्याकडे फूटबोर्डचं काम होतं. खालची पायरी रस्त्यापासून साडेसोळा इंच. ब्रॅकेट मी ठोकायचो. एकदा सुट्टीच्या दिवशी गावाला जायला स्टँडवर उभा होतो. एक म्हातारी बाई, डोक्यावर गाठोडं, गाडीत चढायला आली. एक पाय वर ठेवला, दुसरा उचलेना. मागची माणसं घाई करत होती. पाय निसटला आणि ती खाली बसली. लागलं फारसं नाही. लोक हसले. तिने निऱ्या सारख्या केल्या आणि कंडक्टरला म्हणाली, "जाऊ दे तुमची, मी पुढच्या गाडीने येते."

मी तिथेच उभा होतो. पुढची गाडीही साडेसोळा इंचांचीच येणार हे मला ठाऊक होतं, कारण तीही मीच केलेली होती. मी तिला हात दिला नाही. का, ते अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन पायरी मोजली. ड्रॉइंगप्रमाणे बरोबर होती. साहेबांना म्हटलं, दोन इंच खाली घेऊ या. ते म्हणाले, रस्ते खराब आहेत, घासेल. तेही खरंच होतं. मग निवृत्त होईपर्यंत मी साडेसोळा इंचांवरच काम केलं. तिचं नाव मला माहीत नाही. तुझ्या मामीलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं.

तुझ्या बसमध्ये पहिल्या फेरीला मैमुनाबी आली. चाकाच्या खुर्चीतली, हैदराबादची, मोठ्याने बोलणारी. ती मागच्या बाईला सांगत होती की इथल्या मेथीला वास नाही. ड्रायव्हरने बटण दाबलं, गाडी वाकली, चाकांसाठीची फळी बाहेर आली, आणि मैमुनाबी मेथीबद्दल बोलत बोलत आत आली. वाक्यसुद्धा तुटलं नाही. तिच्यामागून काठीवाला आला, मग कुबड्यांवरची ती दोन मुलं.

मी वाट बघत होतो की दारात आल्यावर कोणीतरी थांबेल, खाली बघेल, पाय किती उचलायचा याचा अंदाज घेईल. बस चढताना माणूस तसं करतोच, मी आयुष्यभर बघितलंय. म्हणून उतरलो नाही.

नऊ फेऱ्यांत कुणीही खाली बघितलं नाही.

मामा